लोकशाहीचा बेणेमळा : आपली शाळा



या पानावर आम्ही नेहमी उसाविषयी लिहितो. आडसालीची लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट, हुमणीचा बंदोबस्त हे आमचे ठरलेले विषय. या अंकात मात्र शाळेविषयी लिहीत आहोत. "ऊसवाल्यांनी शाळेत कशाला लक्ष घालावे?" असे कोणी म्हणेल. परंतु आज शाळेत बसलेली मुलेच उद्या आपल्या जागी सभासद होणार आहेत. शेअर वारसाने मिळतो. सभासदपण वारसाने येत नाही, ते शिकावे लागते. ते कोठे शिकावे आणि कसे शिकावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आमचे भाषण आणि बाईंचा वर्ग

एका गळीत हंगामात, २६ नोव्हेंबरला, आमच्या गट कार्यालयाजवळच्या शाळेने आम्हांला संविधान दिनासाठी बोलावले. आम्ही तयारी करून गेलो. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले, २६ जानेवारी १९५० पासून ते पूर्णपणे अमलात आले, येथून सुरुवात करून चांगले पाऊण तास बोललो. मुले मांडी घालून गप्प बसली होती. शेवटी आम्ही विचारले, "मूलभूत हक्क किती?" सगळी मुले एका सुरात ओरडली, "सहा!" आम्हांला वाटले, काम फत्ते झाले.

चहा घेऊन निघालो, तेव्हा पाचवी ते सातवी एकत्र सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, घाई नसेल तर अर्धा तास आमच्या वर्गात मागं बसा. आज टाकीचा निकाल लावायचाय."

टाकीची गोष्ट अशी होती. शाळेला पिण्याच्या पाण्याची चार नळांची टाकी. त्यांतले दोन नळ बंद. मधल्या सुट्टीत झुंबड उडायची. दांडगी पोरे आधी प्यायची आणि पहिली-दुसरीतली लहानगी तशीच तहानलेली वर्गात परत जायची. बाईंनी स्वतः नियम लावून दिला असता तर दोन मिनिटांचे काम होते. त्यांनी तसे केले नाही. मुलांना गोल करून बसवले आणि म्हणाल्या, "नियम तुम्ही करा. मी फक्त फळ्यावर लिहीन."

सूचना येऊ लागल्या. लहान वर्ग आधी सोडावेत. ज्याला जमेल त्याने घरून बाटली आणावी. मग एक मुलगा उभा राहिला. चांगल्या घरचा, आपल्या एका सभासदाचाच. तो म्हणाला, "तळावरची पोरं शेवटी. ती चार महिन्यांसाठी येतात. टाकीला वर्गणी आपल्या घरच्यांनी दिलीय."

तळावरची म्हणजे ऊसतोडणी कामगारांची मुले. त्या वर्गात अशी पाच-सहा होती, बीडकडची. वर्ग एकदम गप्प झाला. खरे सांगायचे तर आम्हीही खाली पाहिले, कारण ती टोळी आमच्याच गटात तोडीला होती. बाई रागावल्या नाहीत. "अजून कोणाला बोलायचंय?" एवढेच त्यांनी विचारले. बऱ्याच वेळाने त्या मुलांतली एक मुलगी उठली.

"आमच्या शाळंत नेम करायचा असला, की ज्येला त्यो लागू व्हनार त्येला आधी इचारतेत. आम्हाला कुणी इचारलं नाही."

एवढे बोलून ती खाली बसली. पुढे मतदानाची वेळ आली, तेव्हा तळावरच्या मुलांना चिठ्ठी द्यायची की नाही, यावरच वाद झाला. "तहान त्यांना पण लागतीय की," असे कोणीतरी मागून म्हणाले आणि वाद मिटला. चिठ्ठ्या उघडल्या. ठरले ते असे : लहान वर्ग आधी, नंतर जो आधी रांगेत येईल तो आधी, गावचा-तळावरचा असा भेद नाही, पंधरा दिवसांनी नियम पुन्हा तपासायचा. ज्या मुलाची सूचना पडली, त्यालाच बाईंनी बंद नळांच्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला सांगितले. त्याने तो मन लावून लिहिला.

सगळे गोड झाले असे नाही. पंधरा दिवसांनी आम्ही मुद्दाम चौकशी केली. नियम तीन वेळा मोडला होता आणि तिन्ही वेळा मोडणारे सातवीचे होते. त्या मुलाचे वडील शाळेत येऊन "बाहेरच्या पोरांना मत कसलं?" असे विचारून गेले होते. बाईंनी त्यांना फळ्यावरचा नियम वाचून दाखवला आणि तो मुलांनी केला आहे, मी नाही, असे सांगितले. तरीपण आमच्या पाऊण तासाच्या भाषणापेक्षा तो अर्धा तास भारी ठरला, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो.

पाठांतर वेगळे, सवय वेगळी

आमची चूक कोठे झाली, हे आम्हांला आमच्याच धंद्यातून कळायला हवे होते. शेतकरी मेळाव्यात आम्ही सांगतो, बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे घ्या, दर तीन वर्षांनी बदला. सगळे माना डोलावतात. घरी जाऊन तोच जुना खोडवा तोडून कांड्या लावतात. शेजारच्या शिवारात प्रात्यक्षिक प्लॉट डोळ्यांनी पाहिला, की मग मात्र बदल होतो. नागरिकशास्त्राचेही तसेच आहे.

आपल्याकडे हा विषय शाळेत नाही असे नाही. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आहे. सातवीत संविधानाची ओळख आहे. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका छापलेली असते. जुनी माणसे तिला सरनामा म्हणत. २६ जानेवारी २०२० पासून राज्य शासनाने शाळांत उद्देशिकेचे सामूहिक वाचन सुरू करायला लावले. हे सर्व चांगलेच आहे. पण नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाच्या मागच्या पानांत बसते, आणि परीक्षा जवळ आली की मागची पाने घाईत उरकली जातात. मग "सरपंचाची निवड कशी होते?" याचे उत्तर मुलाला येते, पण आपल्यापेक्षा वेगळे मत ऐकून कसे घ्यायचे, आपली सूचना पडली तर काय करायचे, हे येत नाही. ते परीक्षेत विचारत नाहीत, आणि ग्रामसभेत तर रोज लागते.

उसाचे बेणे तीन पायऱ्यांनी तयार होते : मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित. मूलभूत बेण्यातच काणी किंवा गवताळ वाढ असेल, तर पुढे खताच्या कितीही गोण्या टाका, रोग शेतभर पसरतो. लोकशाहीचे मूलभूत बेणे घरात तयार होते, पायाभूत शाळेत; आणि ग्रामसभा, सोसायटी, कारखान्याची वार्षिक सभा हे सर्व प्रमाणित बेण्याचे शेत होय. शेतात रोग दिसला, की आपण शेताला नावे ठेवतो. बेणेमळ्याकडे बघत नाही.

ही वाट जुनीच आहे

मुलांनी कारभार करून कारभार शिकावा, ही कल्पना आपल्या मातीत नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. त्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि स्वतः कष्ट करून शिकत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. समतेवर तास घेण्यापेक्षा एकत्र भाकरी थापणे आणि एकत्र खाणे, हा त्या काळी फार मोठा धडा होता. त्यासाठी अण्णांना पुष्कळ सोसावे लागले.

त्याही आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने आधी लक्ष द्यावे, असा आग्रह धरला. ज्याच्या घामातून कर उभा राहतो, त्याच्याच मुलाला शाळा नाही, हा त्यांचा मुद्दा होता. नागरिकत्वाचा पहिला धडा हाच म्हणावा लागेल.

बाहेरच्या जगातही हा विचार झालेला आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९१६ साली लोकशाही आणि शिक्षण या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. लोकशाही ही केवळ राज्य चालवण्याची पद्धत नाही, ती एकमेकांबरोबर राहण्याची रीत आहे, आणि शाळा हे तशा राहणीचेच ठिकाण असले पाहिजे, असे त्यांचे सांगणे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला सावध केले. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच किंमत मिळेल. पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहिली, तर ही विसंगती एके दिवशी लोकशाहीलाच घातक ठरेल, असा त्या इशाऱ्याचा आशय. टाकीवर "तळावरची शेवटी" म्हणणारा मुलगा वाईट नव्हता. तो हीच विसंगती आपल्या घरातून शाळेत घेऊन आला होता.

आणि आपण सहकारातली माणसे. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी गिरणीकामगार व कारागिरांनी एकत्र येऊन दुकान काढले. आजच्या सहकाराची तत्त्वे बहुतांशी तेथून आली. एक सभासद एक मत हे त्यांतले पहिल्या मानाचे तत्त्व. आणि सभासदांचे शिक्षण हेही त्यांतलेच एक. रॉचडेलच्या मंडळींनी नफ्यातला ठरावीक वाटा शिक्षणासाठी बाजूला काढायला सुरुवात केली होती. शिक्षणाशिवाय मताला अर्थ नाही, हे त्या दुकानदारांना दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते.

बीडचा प्रयोग

ती मुलगी ज्या शाळेतून आली, तेथे नियमाआधी विचारण्याची रीत कोठून आली, हे आम्ही बाईंना विचारले. त्यांनी मूल्यवर्धन कार्यक्रमाची माहिती सांगितली. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ साली बीड जिल्ह्यातल्या ५०० प्राथमिक शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. पुढे राज्य शासनाने तो राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही नेला. संविधानातली न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही मूल्ये मुलांच्या रोजच्या वागण्यात यावीत, हा त्याचा हेतू. त्यात भाषणे नाहीत. मुले जोडीने बोलतात, गटात काम करतात, खेळ खेळतात, वर्गाचे नियम मिळून ठरवतात. शिक्षक उपदेश करत नाही, प्रश्न विचारतो.

आम्हांला यातली एक गोष्ट फार लागली. बीड जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर हजारो जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. त्यांची लेकरे आपल्या शिरूर-दौंडच्या शिवारात, कोप्यांतून राहतात. आपण त्यांना मागासलेली समजतो. आणि त्यांतलीच एक मुलगी आपल्या सुधारलेल्या गावाला लोकशाही शिकवून गेली. बेणे कोठून चांगले येईल, हे सांगता येत नाही. डोळे उघडे ठेवून घ्यावे.

शालेय मंत्रिमंडळ : पाच कसोट्या

आपल्या भागातल्या बहुतेक शाळांत जून-जुलैमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवड होते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री असतात. काही शाळांत हल्ली मोबाइलच्या ॲपवर मतदान यंत्रासारखे बटण दाबून मतदान घेतात. बोटाला शाईसुद्धा लावतात. मुलांना मौज वाटते. पण शाई वाळली की काम संपले, असे होता कामा नये. आपल्या शाळेतले मंत्रिमंडळ खरे की शोभेचे, हे पालकांनी पुढील पाच कसोट्यांवर पाहावे.

१. निवड खरी आहे काय? मास्तरांनी हुशार मुलांची नावे आधीच ठरवून मुलांकडून फक्त हात वर करून घेतले, तर मुले त्या दिवशी लोकशाही शिकत नाहीत. निवडणूक हे नाटक असते, एवढे मात्र पक्के शिकतात.

२. मंत्र्याला काही अधिकार आहे काय? लहानसा का होईना. परसबागेत काय लावायचे, मैदानाचा वेळ वर्गांत कसा वाटायचा, सहल कोठे न्यायची, यांतला एखादा निर्णय खरोखर मुलांवर सोपवावा. निर्णय चुकला तर चुकू द्यावा. चुकीचा निर्णय निस्तरण्यात फार मोठे शिक्षण असते.

३. हिशेब दिला जातो काय? सहलीचे किंवा स्नेहसंमेलनाचे जमा-खर्चाचे कागद मुलांनी लिहावेत आणि भिंतीवर लावावेत. दहाव्या वर्षी ज्याने तीनशे रुपयांचा हिशेब मागितला, तो चाळिसाव्या वर्षी ताळेबंदाचे पान उलटून पाहील.

४. हरलेल्याला जागा आहे काय? ज्याचे मत पडले त्याची चेष्टा होऊ नये. त्याचे म्हणणेही वहीत लिहून ठेवावे. बहुमत म्हणजे बाकीच्यांनी तोंड बंद करणे नव्हे.

५. सर्वांत मागचे मूल बोलते काय? मुली, दलित-आदिवासी घरची मुले, अपंग मुले, तळावरची मुले. ही बोलली नाहीत तर बाकीचा सोहळा फुकट. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क करारात, मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क बाराव्या कलमात दिला आहे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला.

नोंदीची तारीख

समता हा शब्द मुलांना जड जातो. आम्ही तो त्यांना तोडणीच्या कार्यक्रमावरून सांगून पाहिला आणि लगेच कळला. उसाची तोड लागवडीच्या नोंदीच्या तारखेप्रमाणे यायची. ज्याची तारीख आधी, त्याची तोड आधी; मग तो अर्ध्या एकरवाला असो की वीस एकरवाला. संविधानाच्या चौदाव्या कलमात कायद्यापुढे सर्व समान असे म्हटले आहे, ते हेच.

आणि हेही सांगितले पाहिजे, की हंगामात आमचा फोन दिवसभर वाजतो. "साहेब, एवढा आमचा प्लॉट आधी घ्या," असे सांगणारे पुष्कळ. "माझी तारीख आली नाही, मी थांबतो," असे सांगणारा विरळा. त्या फोनच्या वेळी आपला मुलगा शेजारी बसून ऐकत असतो. शाळेत समानतेचा धडा आणि घरात ओळखीचा धडा, असे दोन्ही एकदम चालले तर मूल कोणता लक्षात ठेवील? या बाबतीत आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. एखाद्या वेळी भिडेला बळी पडलो आहोत, आणि त्या दिवशी ज्याचा ऊस मागे राहिला त्याच्या तोंडाकडे पाहवले नाही.

बंधुता : आपल्याच तालुक्यांतला धडा

न्याय, स्वातंत्र्य, समता यांच्या मानाने बंधुतेकडे आपले लक्ष कमी जाते. खरे तर ती नसली तर बाकीच्या तिन्ही टिकत नाहीत. १ जानेवारी २०१८ रोजी शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमा परिसरात दगडफेक, जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये दौंड तालुक्यातल्या यवतला समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून तणाव पेटला. कोण चुकले, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे व चौकशीचे आहे. आम्ही त्यात पडत नाही. परंतु दोन्ही ठिकाणे आपल्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावरची आहेत. दुकाने बंद राहिली ती आपल्या ओळखीच्यांची, आणि घाबरून घरात बसली ती आपल्याच शाळांतली मुले.

अशा वेळी उपयोगी पडणारी सवय शाळेतच लावता येते. आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारायचे : हे कोणी लिहिले? ते खरे कशावरून? पाठवले तर कोणाला इजा होईल? आठवीच्या मुलाला हे सहज समजते. आणि दुसरी सवय त्याहून साधी आहे. दर महिन्याला बाकावरच्या जागा बदलायच्या, म्हणजे वर्षभरात प्रत्येक मूल प्रत्येकाच्या शेजारी बसते. ज्याच्या डब्यातली भाजी आपण खाल्ली, त्याच्या घरावर दगड उचलताना हात थोडा तरी अडखळतो.

शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पंधराएक वर्षे तेथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत पाण्याचा पाट आणि धान्याचे कोठार मिळाले. कोठाराजवळच्या मोठ्या घरात वस्तीचा प्रमुख राहत असावा, असा तर्क संशोधकांनी केला. पाणी आणि धान्य सामाईक, म्हणजे वाटणीचा नियम आलाच. त्या काळी तो बहुधा मोठ्या घरात ठरत असेल. आज तो सर्वांनी बसून ठरवायचा आहे, आणि तीन हजार वर्षांतली आपली खरी कमाई तीच आहे. ती सांभाळता आली पाहिजे.

सभासदांनी काय करावे

शाळेवर सगळा भार टाकून मोकळे होता येणार नाही. आपल्या हातात असलेल्या चार गोष्टी सांगतो.

एक, शाळा व्यवस्थापन समिती. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा करणे, आलेले अनुदान नीट खर्च होते की नाही हे पाहणे, ही तिची कामे. कित्येक गावांत समितीची सभा वहीतच होते आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. पालक-सभेला जा. वही वाचा. मुले हे बघत असतात.

दोन, तळावरची मुले. याच कायद्याच्या नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी पत्रक मिळते. ते दाखवून त्याला येथे वर्गात बसता येते. आपल्या फडात टोळी उतरली, की मुकादमाला एवढे विचारा : "पोरं किती, आणि शाळेत किती?" पत्रक नसले तरी दाखला नाही म्हणून प्रवेश अडत नाही, हे त्याला सांगा. ज्यांनी तोडलेल्या उसावर आपले बिल निघते, त्यांच्या मुलांना तहानलेले ठेवून आपल्याला समतेवर बोलता येणार नाही.

तीन, ग्रामसभा आणि वार्षिक सभा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि महिलांची सभा वेगळी व्हावी लागते. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा बहुधा सप्टेंबरअखेर होतात. सगळीकडचा अनुभव असा, की विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" असा घोष होतो. मंजूर म्हणायला हरकत नाही, वाचून म्हणावे. अहवाल सभेआधी घरी येतो, तो चुलीजवळ न ठेवता एक संध्याकाळ मुलांबरोबर वाचा. नववी-दहावीच्या मुलाला विचारा, "यातले तुला काय कळले नाही?" त्याला जे कळले नाही, ते पुष्कळदा आपल्यालाही कळलेले नसते. तो प्रश्न सभेत नम्रपणे विचारा. प्रश्न विचारणारा सभासद हा संस्थेचा वैरी नसतो, राखणदार असतो. आम्ही संस्थेचे नोकर आहोत, तरी हे लिहायला कचरत नाही. कारण ज्या संस्थेत प्रश्न थांबतात, तेथे नंतर ऊसही थांबतो.

चार, घर. पूर्वी मतदानासाठी एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. १९८९ पासून अठरा झाली. म्हणजे शाळा सुटल्यावर दोन-तीन वर्षांत मूल मतदार होते. तयारीला वेळ थोडा आहे. यंदा कोणत्या तुकड्यात ऊस ठेवायचा आणि कोणत्यात कांदा, हे ठरवताना घरातल्या मुलामुलींना बोलवा. मुलींनाही, हे मुद्दाम लिहितो. त्यांचे ऐकलेच पाहिजे असे नाही. पण का ऐकले नाही, ते सांगितलेच पाहिजे. कारण सांगण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घरातले मूल उद्या पदावर बसले तर लोकांना कारण सांगेल.

विचार करण्यासारखे प्रश्न

आपल्या गटातल्या बैठकीत किंवा शाळेत चर्चेला घेता यावेत म्हणून काही प्रश्न देत आहोत. उत्तरे आम्ही देत नाही.

१. टाकीला ज्यांनी वर्गणी दिली नाही, त्यांना टाकीच्या नियमावर मत असावे काय? आपल्या गावातल्या कोणत्या गोष्टीला हाच प्रश्न लागू पडतो?

२. बहुमताने ठरलेली एखादी गोष्ट चुकीची असू शकते काय? तसे वाटल्यास काय करावे?

३. आपल्या गावच्या गेल्या ग्रामसभेत किती स्त्रिया बोलल्या? न बोलण्याचे कारण काय असेल?

४. आपल्या शाळेतला कोणता निर्णय उद्यापासून मुलांवर सोपवता येईल?

शेवटी त्या मुलीविषयी. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, टोळीने कोप्या मोडल्या आणि ती आईबापांबरोबर गावी गेली. ट्रॅक्टर निघाला त्या सकाळी आम्ही हिशेबासाठी तळावर होतो. शाळेतली चार-पाच मुले तिला भेटायला आली होती. त्यांत टाकीवाला मुलगाही होता. दोन्ही बंद नळ चालू झाल्याचे तिला सांगायचे होते, म्हणून आलो, असे तो म्हणाला.

पुढच्या दिवाळीनंतर टोळ्या येतील, तेव्हा आपापल्या गावच्या शाळेत एकदा डोकावून या, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो. पुढील अंकी खोडवा व्यवस्थापन.

आपला,
ऊस विकास अधिकारी